लाळेचा नमुना

पाहुण्यांची जीभ नावाजलेली होती. बोलण्यासाठी नव्हे, बोलण्यात ते कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण पाकिटांच्या कारखान्यात ते गोंद-तपासनीस होते. पाकिटाच्या झाकणावरून एकदा जीभ फिरवली, की हा गोंद किती दिवस धरेल, कोणत्या पिंपातला आहे आणि त्यात पाणी कोणी वाढवलं, हे ते डोळे मिटून सांगत. मध्यंतरी कारखान्यात या कामासाठी एक यंत्र आलं. ते महिनाभरात बिघडलं. पाहुणे चौदा वर्षं बिघडले नव्हते.

आता त्यांना पाहुणे का म्हणायचं, तर त्यांच्या सासूबाई म्हणत म्हणून. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण सासूबाई जावयाशी एकदाही थेट बोलल्या नव्हत्या. जावई म्हणजे पाहुणा आणि पाहुण्याला तोंडावर काही सांगायचं नसतं, हा त्यांचा नियम. पाहुणे समोर बसलेले असले तरी त्या लेकीकडे बघून म्हणत, "पाहुण्यांना म्हणावं, पंख्याखाली बसा." मग लेक म्हणे, "अहो, पंख्याखाली बसा." मग पाहुणे पंख्याखाली बसत. लेक घरात नसेल तर सासूबाई भिंतीला सांगत. भिंत काही पुढे निरोप पोचवत नसे, पण पाहुणे समजून घेत. हळूहळू सगळ्या गल्लीने तेच नाव उचललं. आपण तरी जावयाचा मान कशाला मोडायचा? आपणही पाहुणेच म्हणू.

तर या सासूबाईंची गावाच्या कडेला डुकरांची शेड होती. एक्केचाळीस डुकरं, पाच कप्पे आणि फाटकावर एक निळा पत्र्याचा फलक: 'निरोगी शेड'. हा फलक सरकारी होता. दर तीन वर्षांनी तपासनीस यायचा, शेड बघायचा, कागद बघायचा आणि फलक राहू द्यायचा की उतरवायचा ते ठरवायचा. सासूबाईंचा फलक अठरा वर्षं जागचा हलला नव्हता. त्या तो रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसत. नवऱ्याच्या फोटोला हा मान आठवड्यातून एकदा मिळे.

आणि नेमक्या याच वर्षी, तपासनीस यायच्या महिनाभर आधी, डुकरं खोकायला लागली.

त्यातच सासूबाई शेडमध्ये घसरल्या आणि पायाला प्लास्टर पडलं. बायको म्हणाली, "अहो, आईला आता कुणीतरी हवं." कारखान्यात साठलेली रजा कुजत पडली होती. पाहुण्यांनी ती काढली आणि बायकोबरोबर सासरी दाखल झाले. सासूबाईंची खाट खिडकीशी लावली होती. तिथून शेड दिसे, खोकला ऐकू येई.

पाहुण्यांना शेड अगदीच परकी नव्हती. तीन आठवड्यांपूर्वीच त्यांनी कारखान्यातून कागदाच्या कातरणाची अठरा पोती टेम्पोत घालून पाठवली होती, डुकरांना अंथरायला. पाकिटं कापताना उरलेला पांढराशुभ्र कागद, पेंढ्यापेक्षा मऊ. "पाहुण्यांना म्हणावं, कशाला एवढा त्रास," सासूबाई तेव्हा भिंतीला म्हणाल्या होत्या. चार कप्प्यांत तो कागद अंथरला गेला, पाचव्यापर्यंत पुरला नाही. सासरी आपली एखादी वस्तू कामाला आली, याचा पाहुण्यांना इतका आनंद झाला होता, की आता शेडमध्ये पाऊल ठेवताच त्यांनी डुकरांच्या आधी कागदाची विचारपूस केली. मग सकाळ-संध्याकाळ दाताळ्याने तो उलटापालटा करून फुगवायचं काम स्वतःकडे घेतलं.

जनावरांचे डॉक्टर आले. त्यांना सगळे टोचे डॉक्टर म्हणत. त्यांनी चार कप्प्यांसमोर उभं राहून खोकला ऐकला, पाचव्यासमोर उभे राहिले तर तिथे कुणी खोकेना.

"हे चांगल्या वळणाचे दिसतात," पाहुणे म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि मग बोलणं बायकोकडे वळवलं. "फुप्फुसाचे जिवाणू असू शकतात. असले तर एकापासून सगळ्यांना. तपासणीचा कागद नसेल तर तपासनीस फलक ठेवणार नाही. आज दोन तारीख, तो येणार अठराला."

"आणि फलक गेला तर?" पाहुण्यांनी विचारलं.

उत्तर खिडकीतून आलं, पण भिंतीच्या नावे. "फलक गेला की शेड मोकळी करायची. अडुसष्टाव्या वर्षी पुन्हा मांडामांड करायला माझ्यात दम नाही, म्हणावं."

तिसऱ्या कप्प्यातून खोकला आला.

"रक्त तपासायचं तर एकेकाला धरायला तिघे लागतात," डॉक्टर म्हणाले. "मागे एका शेडमध्ये माझा मदतनीस सकाळी पाण्याच्या टाकीवर चढला तो संध्याकाळी उतरला. त्यापेक्षा लाळ तपासू."

"लाळ?" पाहुण्यांची पाठ ताठ झाली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या विषयावर बोलत होतं.

डॉक्टरांनी रीत सांगितली ती अशी. प्रत्येक कप्प्यात एक सुती दोर टांगायचा, डुकराच्या खांद्याच्या उंचीवर. डुक्कर हे चौकस जनावर. नवीन काही दिसलं की तोंडात घेऊन बघणारच. अर्धा तास सगळी मिळून दोर चघळतात. मग तो ओला दोर पिशवीत घालून पिळायचा, लाळ नळीत भरायची आणि प्रयोगशाळेत द्यायची. फुप्फुसात काय चाललंय त्याची बातमी तोंडात आलेली असते. एका दोरात अख्ख्या कप्प्याची तपासणी, आणि कुणी टाकीवर चढायला नको.

"म्हणजे शरीराच्या आतली बातमी लाळेत येते?" पाहुण्यांनी विचारलं.

"येते."

"माणसाच्यासुद्धा?"

"माणसाच्यासुद्धा."

पाहुण्यांनी नकळत तोंड मिटून घेतलं. चौदा वर्षांत आपण कितीतरी पाकिटांतून किती खासगी बातम्या पाठवल्या असतील, या विचाराने ते दुपारपर्यंत गप्प होते.

दोर आणायला ते दुकानात गेले. दुकानदाराने विचारलं, "कशासाठी हवाय?"

"चघळायला."

दुकानदाराने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नायलॉनचा घ्या. टिकतो."

"टिकायला नको, भिजायला हवाय. डुकरांसाठी आहे."

"मग तसं सांगा की," दुकानदार म्हणाला, पण त्याचा चेहरा काही पूर्वपदावर आला नाही.

परतताना फाटकाशी शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर उभे होते. पोस्टमास्तरांचा पाहुण्यांवर जुना राग होता. तीस वर्षं त्यांच्या हाताखालून पाहुण्यांच्या कारखान्याची पाकिटं गेली होती, आणि त्यांचं म्हणणं, त्यातली निम्मी आपोआप उघडायची. "लोकांचं लग्न कुठे जमलं, कुठे मोडलं, सगळं मला वाचावं लागायचं," ते म्हणत. "माझी इच्छा नसायची हो. पण पाकीटच बोलायला उभं!"

दोराचा विषय कळताच पोस्टमास्तरांनी सल्ला दिला. "नुसता दोर टांगून लाळ सुटते होय? आधी तोंडाला पाणी सुटायला हवं. त्यांच्यासमोर उभं राहून लिंबू खा. बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं, हा शाळेतला प्रयोग आहे."

पाहुण्यांना हे शास्त्रीय वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कागद फुगवला आणि पहिल्या कप्प्यासमोर उभं राहून अख्खं लिंबू चोखलं. आठ डुकरांनी ते शांतपणे पाहिलं. पाहुण्यांचे डोळे मिटले, जबडा आखडला, तोंडाला पाण्याचे झरे फुटले. डुकरांच्या तोंडाला काही नाही. पुढच्या चार कप्प्यांसमोर चार लिंबं झाली. खिडकीतून सासूबाई बघत होत्या. त्यांनी लेकीला विचारलं, "पाहुण्यांना घरी उपाशी ठेवतेस का गं?"

मग दोर टांगायची वेळ आली. छपराच्या आढ्याला प्रत्येक कप्प्यावर लोखंडी कडी होती आणि दोराचं टोक पिसारलेलं. कडीत काही जाईना. सुईत दोरा ओवताना माणूस जे करतो, तेच पाहुण्यांनी केलं: टोक तोंडात घेतलं, जिभेने वळवलं, ओठांनी पीळ दिला आणि टोकदार करून कडीतून झपकन पार केलं. असे पाचही दोर. हे त्यांच्याकडून इतकं सहज घडलं, की त्यांना विचारलं असतं तर ते शपथेवर नाही म्हणाले असते. आपण चालताना कोणता पाय आधी टाकला, हे कुणाला आठवतं?

आणि मग त्यांनी जे पाहिलं, त्याने ते हरखून गेले.

आधी कुणी जवळ येईना. दोर लोंबतोय, आठ डुकरं भिंतीला टेकून उभी, जणू मुलगी बघायला आलेली मंडळी. मग त्यांच्यातली एक थोराड मादी, कान फाटका, चालण्यात अधिकार, सावकाश पुढे आली. तिला पाहुण्यांनी मनातल्या मनात मुकादम म्हणून टाकलं. मुकादमने दोर हुंगला. बाजूने बघितला. तोंडात घेतला, सोडला, पाहुण्यांकडे पाहिलं आणि पुन्हा घेतला. मग जी चघळायला लागली, ती डोळे अर्धवट मिटून, पाहुणे गोंद तपासताना मिटत अगदी तसे. तिचं होताच बाकीच्यांची झुंबड उडाली. एक नुसतंच शेवटचं टोक धरून उभं, एक दुसऱ्याचं झाल्याशिवाय हात, म्हणजे तोंड, न लावणारं, एक लबाड दुसऱ्याच्या तोंडातून खेचून घेणारं.

पाहुण्यांनी खिशातून वही काढली. कुणी आधी चघळला, किती वेळ, किती जोरात, मध्ये कोण खोकलं, किती वाजता, सगळं लिहायला घेतलं. सासूबाईंच्या दारात अकरा वर्षं बसून जेवढं कुतूहल साठलं होतं, ते सगळं त्या वहीत उतरलं.

अर्ध्या तासाने दोर पिळले. प्रत्येकी दीड चमचा लाळ, राखाडी, फेसाळ. पाहुण्यांनी नळी उजेडात धरली. पाच कप्प्यांची पाच गुपितं.

प्रयोगशाळा जिल्ह्याच्या कचेरीमागे होती. खिडकीत एक बाई बसल्या होत्या आणि त्यांच्याकडे लाळेसाठी एकच अर्ज होता, माणसांचा.

"आठ जणांची मिळून एक नळी आहे," पाहुणे म्हणाले.

"म्हणजे संयुक्त. पहिलं नाव कुणाचं?"

"मुकादम."

"वय?"

"दोन."

बाईंनी मान वर केली. पाहुण्यांनी परिस्थिती सांगितली. बाईंनी ऐकून घेतली आणि मान पुन्हा खाली घातली. "अर्ज हाच. रकाने मोकळे ठेवायचे नाहीत. शिक्षण?"

"नाही."

"शेवटचं जेवण किती वाजता?"

"चालूच आहे."

"नमुना देणाऱ्याची सही?"

"ते सही करत नाहीत."

"मग अंगठा आणा."

"अंगठा नसतो त्यांना," पाहुणे म्हणाले. "चार बोटं असतात, अंगठाच नसतो. मी काल मोजलीत."

बाईंचं पेन थांबलं. "नसतो?"

"नसतो."

रांगेतले सगळे जण या माहितीने क्षणभर विचारात पडले. एका गृहस्थाने स्वतःचा अंगठा बघून घेतला. शेवटी बाईंनी 'अंगठा उपलब्ध नाही' असा शेरा मारला आणि पाच अर्जांची पाच पाकिटं पुढे सरकवली. पाहुण्यांनी सवयीने एकेका झाकणावरून जीभ फिरवली आणि चेहरा वाकडा केला.

"हा गोंद आमचा नाही. कडवट आहे," ते म्हणाले, आणि मान ताठ ठेवून बाहेर पडले.

चार दिवसांनी निकाल आला. टोचे डॉक्टर तो हातात घेऊनच आले. सासूबाई खिडकीत, बायको दारात, पोस्टमास्तर कुंपणापाशी, सगळे हजर.

"पाहुणे," डॉक्टर म्हणाले, "एक विचारू? तुम्हीपण दोर चघळलात का?"

"मी?" पाहुण्यांच्या आवाजात चौदा वर्षांची नोकरी होती. "मी कशाला चघळीन?"

डॉक्टरांनी वाचून दाखवलं. "'पाचही नमुन्यांत मानवी मुखातील जिवाणू मोठ्या प्रमाणात आढळले. सबब नमुना नाकारला.' आणि खाली लिहिलंय, 'सदर व्यक्तीने डाव्या-उजव्या हिरड्या दाखवून घ्याव्यात.'"

बायको म्हणाली, "अहो, कडीत ओवताना…"

आणि पाहुण्यांना आपली जीभ आठवली.

अपमान तरी किती पदरी असावा! डुकरांच्या तपासणीत माणूस नापास. तेही लेखी. पोस्टमास्तरांनी संध्याकाळपर्यंत गल्लीत टपाल पोचवलं, आणि नोकरीत असताना कधी पोचवलं नव्हतं इतक्या वेळेत. दुसऱ्या दिवशी दोराच्या दुकानदाराने पाहुण्यांना विचारलं, "दोर पुरला ना? का आणखी देऊ?"

हिरड्या मात्र दाखवाव्या लागल्या. रविवारी ते दाताच्या डॉक्टरांकडे गेले. खाली डावीकडे शेवटच्या दाढेशी पू धरला होता.

"दुखत होतं?"

"नाही."

"मग आलात कसे? असं काही कळत नाही लवकर."

"डुकरांच्या तपासणीत निघालं," पाहुणे म्हणाले.

दाताच्या डॉक्टरांनी हातातलं हत्यार खाली ठेवलं, हात धुतले आणि मग पुन्हा उचललं.

सोमवारी दुसरे दोर आणले. सासूबाईंनी लेकीला सांगितलं, "पाहुण्यांना म्हणावं, या वेळी तोंडाला टॉवेल बांधला तर बरं दिसेल." पाहुण्यांनी टॉवेल बांधला. पोस्टमास्तर कुंपणावरून बघत असल्याने वर दुसरा बांधला. नाक तेवढं बाहेर ठेवलं. दोर कडीत तारेने ओवले. मुकादमने दोर हुंगला आणि पाहुण्यांकडे अशा नजरेने पाहिलं, की मागच्या वेळची चव यात नाही.

पाचही नळ्या पुन्हा गेल्या. खिडकीतल्या बाईंनी या वेळी स्वतःच विचारलं, "मुकादम बऱ्या आहेत का?"

चौदा तारखेला निकाल आला: एकाही नमुन्यात रोगाचे जिवाणू नाहीत. डुकरं साफ.

बायकोने टाळ्या वाजवल्या. डॉक्टर मात्र कागदाची घडी घालत राहिले. "जिवाणू नाहीत, मग खोकला कशाचा? तपासनीस काही नुसता कागद वाचून जाणार नाही. आत उभा राहील आणि ऐकेल. चार दिवस आहेत." मग त्यांनी खिडकीकडे बघून विचारलं, "बाई, शेडमध्ये काही नवीन केलंत का हल्ली? खाद्य, औषध, काही?"

सासूबाईंनी भिंतीकडे पाहिलं. "नाही, म्हणावं," त्या म्हणाल्या. "काही नवीन नाही."

डॉक्टर गेले. बायको बाजारात गेली. पाहुणे शेडच्या पायरीवर वही उघडून बसले. आता वाचण्यासारखं दुसरं काही नव्हतंच.

वहीत लिहिलं होतं: खोकला, सकाळी सात ते आठ. खोकला, संध्याकाळी पाच ते सहा. मधल्या वेळात तुरळक. रविवारी सकाळी, पाहुणे दातांसाठी गेले होते तेव्हा, बायकोच्या अक्षरात: 'अजिबात नाही.' आणि पाचव्या कप्प्यासमोर पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत एकच शेरा, पाहुण्यांच्या अक्षरात: 'वळण चांगलं.'

पाहुणे बराच वेळ त्या वळणाकडे बघत राहिले. सकाळी सात आणि संध्याकाळी पाच. या वेळा त्यांच्या ओळखीच्या होत्या. या वेळा दाताळ्याच्या होत्या.

ते उठले. पहिल्या कप्प्यात गेले. मूठभर कातरण उचललं आणि उजेडात झटकलं. उन्हाच्या तिरिपेत बारीक पांढरी भुकटी तरंगायला लागली. आता कुणी शहाणा माणूस इथे थांबला असता. पण तपासायची पाहुण्यांना एकच रीत ठाऊक होती. त्यांनी कागदावरून जीभ फिरवली.

डोळे मिटले. ओळखली. कापताना कागद एकमेकांना चिकटू नये म्हणून कारखान्यात जी भुकटी मारतात, ती. दुसऱ्या मजल्यावरच्या पिंपातली. मग त्यांना जो खोकला लागला, तो लागोपाठ अकरा वेळा. बाराव्या वेळी मुकादमने उत्तर दिलं.

पाहुणे तसेच घरात गेले. सासूबाई खाटेवर, बायको अजून बाजारात. मध्ये सांगायला कुणी नव्हतं.

"आई," ते म्हणाले, "खोकला माझ्यामुळे आहे. माझ्या कागदाची भुकटी उडते. पाचव्या कप्प्यात कागद नाही, तिथे खोकला नाही."

सासूबाई भिंतीकडे वळल्या. "पाहुण्यांना म्हणावं, मनाला लावून घेऊ नका."

पाहुण्यांच्या डोक्यात काहीतरी उजळलं. "तुम्हाला माहीत होतं?"

भिंत गप्प राहिली.

"आई, तुम्हाला माहीत होतं! कधीपासून?"

"पाहुण्यांना म्हणावं…" सासूबाई अडखळल्या. "पहिल्या आठवड्यात शंका आली होती. वाटलं, रोगच निघावा, म्हणजे काही बोलायला नको. पाहुण्यांनी एवढं प्रेमाने आणलेलं, ते कसं काढायचं?"

"अहो, फलक गेला असता! शेड गेली असती!"

"गेली असती. पण पाहुण्याला तोंडावर कसं बोलायचं?"

पाहुण्यांनी खुर्ची ओढली आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा पंख्याखाली न बसता, खाट आणि भिंत यांच्या मधोमध बसले. आता सासूबाईंना भिंत दिसत नव्हती. नुसते पाहुणे दिसत होते, ओठांवर पांढरी भुकटी लागलेले.

"बोला," ते म्हणाले.

"काय बोलू?"

"मनात असेल ते. मला."

सासूबाईंनी इकडून तिकडून भिंत शोधून पाहिली. मग त्यांनी पदर सावरला, घसा साफ केला आणि खालच्या आवाजात विचारलं, "रागावू?"

"रागवा."

"अरे गाढवा!" सासूबाई म्हणाल्या.

इथून पुढे आपणही अहो-जाहो सोडायला हरकत नाही.

"अरे गाढवा, डुकरांना कधी कागद अंथरतात का? ती काय पत्रं आहेत पाकिटात घालायला? आणि वर सकाळ-संध्याकाळ फुगवतोस! माझ्या मुक्या जनावरांचा जीव गुदमरला! आणि ते लिंबू! पाच लिंबं खाल्लीस माझ्या डोळ्यांदेखत! आणि ते घड्याळ, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी दिलेलं, दर तासाला पाळण्याचं गाणं म्हणतं, नऊ वर्षं मी दुपारी झोपले नाहीये! आणि जेवताना पहिला घास घेतला की मान हलवतोस, कळतच नाही आवडलं का नाही! अकरा वर्षं मी विचार करतेय, भाजीत मीठ कमी की जास्त?"

"बरोबर असतं," तो म्हणाला.

"मग मान कशाला हलवतोस?"

"सवय. तपासतो."

"तपासतो म्हणे! मेल्या, माझी भाजी म्हणजे काय पिंपातला गोंद आहे?"

हे सगळं एका दमात अर्धा तास चाललं. त्याने वही उघडली आणि एकेक मुद्दा लिहून घेतला. घड्याळाच्या ओळीला अधोरेखित केलं. बायको बाजारातून आली ती दारातच थबकली. तिला वाटलं, कुणी परकं माणूस आईच्या खोलीत शिरलंय. पाहते तर आई खाटेवर उठून बसलेली, गाल लाल, आणि नवरा समोर खाली मान घालून, कान पकडून, इतका खूष की तिने त्याला तसा लग्नातही पाहिला नव्हता.

त्या संध्याकाळी त्याने चारही कप्प्यांतला कागद पोत्यांत भरून बाहेर काढला. पोस्टमास्तरांनी कुंपणावरून विचारलं, "काय पाहुणे, परत पाठवताय का? पत्ता चुकला वाटतं?" खिडकीतून आवाज आला, "त्याला कामाच्या वेळी बोलायला लावू नका हो! आणि तू रे, ते पोतं पाठीवर घे, फरफटवू नकोस!" पोस्टमास्तरांच्या हातातलं वर्तमानपत्र खाली पडलं.

कप्प्यांत पेंढा पडला. पंधराला खोकला निम्मा झाला. सोळाला वहीत पूर्ण दिवसात चार नोंदी. सतराला एकही नाही, आणि मुकादम पेंढ्यात अशी पसरली, की जणू सगळा शोध तिनेच लावला.

अठराला तपासनीस आला. काटकुळा, बारीक चष्म्याचा, बोलण्यात एकही जादा शब्द नाही. शेडच्या मधोमध घड्याळ लावून अर्धा तास उभा राहिला. पाचही कप्पे चिडीचूप. फक्त एकदा खोकला ऐकू आला. पण तो तपासनिसाचाच होता. त्याने रुमालाने तोंड पुसलं, प्रयोगशाळेचे कागद चाळले, 'अंगठा उपलब्ध नाही' या शेऱ्यापाशी किंचित थांबला आणि मग दाराशी उभ्या असलेल्या माणसाकडे त्याची नजर गेली. तोंडाला टॉवेल, हातात वही, केसांत पेंढा.

"हे कोण?" त्याने विचारलं.

सासूबाईंना त्या दिवशी खुर्चीत बसवून शेडपर्यंत आणलं होतं. त्यांनी जावयाकडे पाहिलं. आसपास भिंतींना तोटा नव्हता. शेडला चांगल्या चार होत्या. पण त्यांनी एकीकडेही बघितलं नाही.

"हा ना?" त्या म्हणाल्या. "हा आमचाच नमुना."

तपासनिसाने मान डोलावली, 'फलक राहील' एवढंच सांगितलं, बॅगेतून शिक्का काढला, त्यावर हाः करून वाफ सोडली आणि प्रयोगशाळेच्या कागदाच्या तळाशी दाबला. जावई वाचायला जवळ गेला. निळी शाई अजून ओली होती.

'नमुना स्वीकारला.'

त्याने टॉवेल सोडला आणि शाई वाळली का ते बघायला जीभ बाहेर काढली.

"अरे!" सासूबाई ओरडल्या.